सुलभावहिनीची सुटायची वेळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मित्रांबरोबर रविवारी मिसळ खायला जातो त्यांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मध्येच तोडून 'अरे, जाऊ दे, किती जुनी गोष्ट' असं म्हणू शकत नाही म्हणून. मला ते ऐकायचं नाहीये.

आधी माझी ओळख करून देतो, कारण मी कोण हे कळल्याशिवाय मी काय केलं ते नीट कळणार नाही. मी युनिक्सचा, म्हणजे मोठे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा माणूस. नाशिकमध्ये ज्या काळात कॉम्प्युटर म्हणजे वातानुकूलित खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला आणि दसऱ्याला कीबोर्डवर हळदकुंकू असा प्रकार होता, त्या काळापासूनचा. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आज पुण्यात, बंगळुरात मोठ्या पगारावर आहेत आणि दिवाळीला फोन करून सांगतात, सर, तुमच्या शिव्या आठवतात. आठवल्याच पाहिजेत, मनापासून दिल्या होत्या. मी माझ्या कामात चांगला होतो — चांगला काय, या गावात तेव्हा माझ्याइतका चांगला दुसरा कोणी नव्हता. ही फुशारकी वाटेल. असेलही, पण खोटं नाही. खोटं कुठे आहे ते मी पुढे सांगणारच आहे.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. दिंडोरी रस्त्यावर आमची संस्था होती. आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला घ्यायचा, वजन करायचा, निवडायचा आणि मुंबईला पाठवायचा. तिथे एक मोठं यंत्र आलं आणि त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं माझ्या खोलीतल्या यंत्रात. प्रत्येकाचं आपापलं खातं — नाव टाका, पासवर्ड टाका, आत या. आत कोण येणार, आल्यावर काय बघणार, काय बघणार नाही, किती वेळा चुकला तर दार बंद होणार, हे सगळं ठरवणारा मी. युनिक्समधल्या त्या सर्वाधिकारी खात्याला रूट म्हणतात. त्यावरून सगळे मला रूटसाहेब म्हणायचे. तोंडावर चेष्टेनं, पाठीमागे वैतागून.

वैतागायला कारण होतं. बाकीच्या ठिकाणी यंत्र जसं खोक्यातून निघालं तसं चालवायचे. मी नाही. मी आधी त्याचे डिफॉल्ट बदलले. डिफॉल्ट म्हणजे काय, सांगतो: नवीन माणूस आला, त्याच्यासाठी कोणी काही वेगळं ठरवलं नाही, तर त्याला आपोआप जे लागू होतं ते. आणि माणसं तर डिफॉल्ट कधी बदलत नाहीत, त्यांना तो आहे हेच माहीत नसतं. म्हणून जो डिफॉल्ट ठरवतो तोच खरा मालक — हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि आवडलंही होतं. मी पासवर्डला मुदत घातली. देवाचं नाव पासवर्ड म्हणून चालणार नाही असं केलं. त्यावर अर्धं ऑफिस माझ्याशी बोलेना, कारण अर्ध्या ऑफिसचा पासवर्ड सप्तशृंगी होता. तीनदा चुकलात तर खातं बंद, मग माझ्या खोलीत यायचं. सिन्नरकडचे पवारमामा आमचं गोदाम बघायचे, ते तर सुट्टीनंतर हमखास यायचे. "रूटसायब, घेईना हो तुमचं मशीन मला आत. लय माजलंय." मी हसून त्यांचं खातं उघडून द्यायचो. त्यांना माझ्याकडे यावं लागतं, याची मला मजा वाटायची.

आणखी एक केलं — याकडे जरा लक्ष द्या. यंत्रात एक नोंद आपोआप राहते: कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर पडलं. मूळ डिफॉल्ट असा, की ही नोंद कोणालाही बघता येते. एक छोटा शब्द टाइप केला की सगळं समोर. मी ते बंद केलं. फक्त रूटला दिसेल, बाकी कोणाला नाही. लोक एकमेकांच्या वेळा काढत बसतील, उगाच भांडणं होतील, असं मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. त्यांना पटलं. मलाही पटलं होतं. अजूनही पटतं, हीच तर अडचण आहे.

आता सुलभा. ती आवक नोंदवायची, म्हणजे कोणत्या शेतकऱ्याचा किती माल आला ते यंत्रात भरायची. मखमलाबादच्या बाजूची, घरी फुलांचा मळा, बी.कॉम. झालेली. बोलायला मोकळी आणि हसताना तोंडावर हात न धरणारी. तिचा पासवर्ड कधी चुकला नाही, त्यामुळे माझ्या खोलीत ती फारशी आलीच नाही. माझा थोरला चुलतभाऊ दिलीप सातपूरला कारखान्यात होता आणि काकू त्याच्यासाठी मुली बघत होत्या. हे स्थळ मीच सुचवलं. मीच तिच्या वडिलांकडे गेलो, मळ्यात बाजेवर बसून चहा प्यायलो, आणि म्हणालो, मुलगा माझ्या घरातला आहे, काळजी करू नका. त्यांनी मुलाची फार चौकशी केली नाही. मला ओळखत होते, तेवढं त्यांना पुरलं.

लग्न झालं आणि ऑफिसातली सुलभा माझी वहिनी झाली. ती मला भाऊजी म्हणायला लागली. मीही तोंडावर वहिनी, तुम्ही, असंच म्हणायचो. मनात मात्र ती सुलभाच राहिली, म्हणून इथे 'ती' लिहितोय. अनादर समजू नका. अनादर पुढे आहे.

दिलीपदादाबद्दल वाईट लिहायचं नाही असं मी ठरवून बसलोय. त्यानं मला गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, पोहायला शिकवलं. शाळेत कोणी मला मारलं की तो जाऊन त्याला मारून यायचा. त्याच्यासमोर मी कायमचा धाकटा — तो मनात येईल तेव्हा डोक्यात टपली मारणार, मी हसणार. मी शिकलो, चांगल्या पगारावर लागलो, साहेब झालो, तरी त्यात काही बदल नाही. लग्नाला वर्षही झालं नसेल. मी पंचवटीत त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मोरीवर हात धुताना दादा सहज बोलल्यासारखं म्हणाला, "काय रे, आमच्या बाईसाहेब तुझ्या मशीनमधून सुटतात तरी केव्हा?"

मला काय वाटलं असेल? राग? संकोच? — आनंद झाला. खरंच सांगतो, आनंद झाला. दिलीपदादाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, आणि ते साऱ्या नाशकात फक्त माझ्याकडे होतं. मी म्हणालो, उद्या फोन कर, मिनिटासकट सांगतो.

त्यानं खरंच फोन केला. त्याची पहिली पाळी असायची, दुपारी घरी यायचा, आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पीसीओवरून मला फोन लावायचा. मी तो छोटा शब्द टाइप करायचो आणि सांगायचो, निघाली, इतके वाजले. सुरुवातीला सगळं थट्टेत. 'आरोपी फरार' असंही म्हणालोय मी. हळूहळू थट्टा गेली, फोन राहिला. एकदा त्यानं विचारलं, हे बरोबरच असतं ना? मी म्हणालो, "दादा, माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलत नाही." ते बोलताना मला किती भारी वाटलं होतं हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

तुम्ही म्हणाल, चुगली ती चुगलीच, पण लहानशी. सुलभा रोज काम आवरून यंत्रातून बाहेर पडायची, पर्स उचलायची, बस धरायची आणि घरी जायची. मी सांगितलेली वेळ आणि ती घरी पोचायची वेळ जुळायची. कोणाचं काय बिघडलं? मी स्वतःला हेच सांगत होतो. थांबा, अजून झालेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसात एक प्रकार झाला. कोणीतरी जेवायला जाताना टर्मिनल तसंच उघडं सोडलं, आणि दुसऱ्या कोणी त्याच्या खात्यातून मॅनेजरसाहेबांना अचकट विचकट संदेश पाठवला. मग चौकशी, रडारड, आरडाओरडा. मी एका दिवसात बंदोबस्त केला. नवा डिफॉल्ट घातला: काही मिनिटं कोणी कळ दाबली नाही तर यंत्रच त्या माणसाला आपोआप बाहेर काढणार. उत्तम डिफॉल्ट आहे. आज मला कोणी नवं यंत्र लावायला दिलं तर मी पहिला तोच लावीन, कोणाच्या बापाचं ऐकणार नाही. पण त्याचा अर्थ असा, की त्या दिवसापासून नोंदीतली बाहेर पडायची वेळ ही माणूस उठून घरी गेल्याची वेळ राहिली नाही. त्यानं शेवटची कळ दाबली, त्यानंतर थोड्या वेळानं यंत्राला कंटाळा आला, इतकंच ती सांगायची. हे नीट समजणारा संस्थेत एकच माणूस होता.

आणि सुलभा संध्याकाळी काय करत होती? सुरगाणा-पेठच्या डोंगरांतून माल घेऊन आलेली माणसं तेव्हा परतीच्या जीपची वाट बघत गोदामाच्या पायरीशी बसलेली असायची. कारली, दोडकी घेऊन पहाटेच घरून निघालेली. त्यांच्या वजनांत गोदामातल्या पोरांचा हमखास गोंधळ व्हायचा, तो पुढच्या खेपेला उघडा पडायचा, आणि इथल्या लोकांशी भांडणं त्या माणसांना जमायचं नाही. म्हणून सुलभा नोंद संपली की टर्मिनल तसंच सोडून गोदामात जायची आणि एकेकाला त्याचं वजन वाचून दाखवायची. चुकलं असेल तर पोरांना माल पुन्हा काट्यावर चढवायला लावायची. जीप सुटली की परत यायची, यंत्रातून बाहेर पडायची आणि निघायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणी वडिलांबरोबर फुलं घेऊन ती बाजारात ताटकळलेली होती, त्यामुळे तिला ती माणसं दिसायची. मला दिसायची नाहीत. मी खोलीत होतो.

म्हणजे बघा. आधी ती परत येऊन स्वतः बाहेर पडायची, तीच वेळ मी दादाला कळवायचो. नव्या डिफॉल्टनंतर यंत्र तिला ती गोदामात असतानाच बाहेर काढायला लागलं. मी सांगितलेल्या वेळेत आणि तिच्या घरी पोचण्यात तासाभराचं भगदाड पडलं. रोज. त्या भगदाडात दादा काय काय भरत असेल याचा मी विचार केला नाही. — नाही, हे खोटं. थोडा केला. फोनवरचा त्याचा बदललेला आवाज मला कळत होता. "आजही?" एवढंच विचारायचा आणि फोन ठेवायचा.

माझ्या लक्षात केव्हा आलं? मला वाटायचं, असेल काही, जात असेल मैत्रिणीकडे, बाजारात; आपल्याला काय करायचंय. मग एका संध्याकाळी मी फोनवर सांगितलं, केव्हाच गेली. फोन ठेवला, स्कूटर काढायला मागच्या बाजूला गेलो, तर गोदामाच्या दिव्याखाली ती उपड्या क्रेटवर बसलेली. समोर एक म्हातारी. "बाई, परत एकडाव वाच ना," असं म्हातारी म्हणत होती आणि सुलभा परत वाचत होती. मला बघून तिनं हात केला. मीही केला.

तिथल्या तिथे मला सगळं लख्ख समजलं. मी हुशार आहे, सांगितलं ना. दादाचं घर माझ्या वाटेवरच होतं. जिना चढून सांगायला किती वेळ लागला असता? — दादा, चूक माझी आहे, ती वेळ तिची नाही, माझ्या यंत्राची आहे, ती अजून गोदामात काम करतेय. मी त्याच्या गल्लीशी स्कूटर हळू केली. आणि मग मनात आलं, तो म्हणेल, म्हणजे इतके महिने तू मला चुकीचं सांगत होतास? म्हणजे तुझ्या त्या यंत्रात काही राम नाही? तो हसेल. डोक्यात टपली मारेल. बस, एवढ्याला मी घाबरलो. दुसरं काहीही नव्हतं. मी स्कूटर पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी फोन आला आणि मी पुन्हा यंत्रातली वेळ सांगितली. आता ती नजरचूक नव्हती. मला माहीत होतं ती कुठे आहे. खिडकीतून मान काढली असती तर दिसली असती. फक्त तिचं एक खातं नव्या नियमातून वगळणं हे माझं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तेही केलं नाही. एकाला वगळलं तर मग नियम कसला, असे माझे उच्च विचार. पुढे कित्येक आठवडे मी रोज संध्याकाळी एक खरा आकडा सांगून खोटं बोललो. हे कोणाला जमतं का बघा. मला सहज जमलं.

पावसाळा संपता संपता ती माझ्या खोलीत आली. चपला बाहेर काढून दारातच उभी राहिली. बारीक झाली होती. "भाऊजी, एक विचारू? आपण किती वाजता उठतो ते यंत्रात कुठे राहतं का?"

तुम्हाला वाटेल तिला माझा संशय आला होता. अजिबात नाही. घरी रोज वेळेवरून बोलणी बसत होती आणि तिला दाखवायला काहीतरी हवं होतं. तिला वाटत होतं, यंत्रात आपली खरी वेळ असेल आणि ती आपल्या बाजूनं बोलेल. मदत मागायला आली होती ती. आणि ज्याच्याकडे मागायची तोच मी.

मी म्हणालो, "छे हो, वहिनी. असलं काही राहत नाही त्यात."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. ती नोंद मी सगळ्यांसाठी बंद केली नसती तर तिनं तो छोटा शब्द स्वतःच्या टर्मिनलवर टाइप करून आपली वेळ पाहिली असती. 'मी गोदामात होते आणि यंत्र म्हणतंय मी गेले', हे तिला दोन दिवसांत उमगलं असतं. ती माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हती, तिच्याकडे फक्त किल्ली नव्हती.

अजून मी मुद्द्याला आलेलो नाही, हे माझ्या लक्षात आहे. येतो.

दिवाळीनंतर दिलीपदादाच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. पाहुणे जेवून गेले, घरची माणसं उरली. सुलभा त्या दिवशीही अर्धा दिवस कामावर जाऊन आली होती, त्यावरून काकूंनी सुरुवात केली. "आमच्या सूनबाईंचं ऑफिस पाचला सुटतं आणि सूनबाई सातला येतात. मध्ये कुठलं गाव लागतं देव जाणे." एकदोघं हसली. दादा हसला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "मला माहितीये ती केव्हा निघते. रोजचं माहितीये."

सुलभा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. उलट तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, कारण समोर मी बसलो होतो. "भाऊजींना विचारा ना," ती म्हणाली. "ते तिथेच असतात. त्यांनी बघितलंय मला गोदामात. सांगा ना, भाऊजी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकू, काका, माझे आईवडील, जिचा साखरपुडा झाला ती मुलगी, आणि दादा. एवढी माणसं गप्प बसून माझ्या एका वाक्यासाठी थांबली आहेत, असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. मला खरं माहीत होतं. साऱ्या घरात फक्त मला आणि तिला माहीत होतं. आणि मी म्हणालो, "यंत्रात जी वेळ येते ती येते, वहिनी. मी त्यात काय सांगणार?"

हेच ते. आवाज चढवला नाही, तोंड फिरवलं नाही. अगदी समजुतीच्या सुरात, वडीलधाऱ्यासारखा बोललो. तिच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. काढायची गरजच नव्हती. ते ऐकताच तिला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या, मला दिसत होतं — यंत्रात वेळ राहते, आणि ती दादाला कोण सांगतं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. दादा तिच्या मागे गेला नाही. मग आम्ही जेवायला बसलो. बासुंदी होती. मी दुसऱ्यांदा घेतली, कारण नको म्हटलं असतं तर काकूंनी का म्हणून विचारलं असतं.

महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. घरची अडचण, असं कारण सांगितलं. मॅनेजरसाहेब हळहळले, मला म्हणाले, तुमच्या वहिनी आहेत, समजवा जरा. मी म्हणालो, त्यांचा निर्णय आहे. तिचं खातं बंद करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं आणि मी ते चोख केलं. पवारमामा पासवर्ड चुकवून आले तेव्हा दारातच थबकले. "बाई गेल्या. आता त्या डोंगरातल्या लोकांचं कोन बगनार?" मी म्हटलं, बघू. कोणी बघितलं नाही. काही दिवस ती माणसं पायरीशी बसून बाईंची चौकशी करत राहिली, पुढे त्यांनी विचारणं सोडलं. दादाचे फोनही थांबले, त्याला आता गरज उरली नव्हती. मला काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. लाज फार नंतर आली. आधी सुटकाच वाटली.

त्यांचा संसार मोडला नाही. पुढे दादा तिच्याशी नीटच वागला. घरात बसलेल्या बायकोशी नीट वागणं त्याला जमत होतं. वर्षभरात मुलगी झाली. सुलभा पुन्हा कधी नोकरीला लागली नाही, तो विषयच निघाला नाही. सणासुदीला मी गेलो की चहा आणून ठेवायची. 'भाऊजी' म्हणणं बंद झालं. दुसरंही काही म्हणायची नाही. "चहा घ्या," एवढंच, बिल घ्यायला आलेल्या माणसालाही म्हणता येईल असं.

आणि मी? मी मोठा झालो. संस्था सोडली, स्वतःचे वर्ग काढले. नव्या मुलांना खाती कशी करायची, डिफॉल्ट कसे ठरवायचे ते शिकवायला लागलो, आणि फार चांगलं शिकवायचो. नोंद जपा, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही ते आधी समजून घ्या — हे माझं ठरलेलं वाक्य. मुलं लिहून घ्यायची. उदाहरण म्हणून मी हेच द्यायचो: एक कर्मचारी, उघडं राहिलेलं टर्मिनल, आपोआप बाहेर काढणारा नियम, आणि त्यातून झालेला गैरसमज. वर्गात खसखस पिकायची. पुढे त्या कर्मचाऱ्याचं काय झालं, असं एकाही मुलानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी छान उत्तर दिलं असतं, याची मला खात्री आहे.

आता शेवटचं. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. दादाची मुलगी दहावीला गेली आणि त्यानं घरात कॉम्प्युटर घेतला. फोन केला — "तुझ्या पुतणीचं मशीन लावून दे." मी गेलो, युनिक्सचंच धाकटं भावंड लिनक्स टाकलं. ती क्लासला गेली होती. तिचं एक खातं केलं, दादाचं एक केलं. दादा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. म्हणाला, "ती केव्हा बसते, केव्हा उठते, काय बघते, ते सगळं मला दिसलं पाहिजे. तसं करून ठेव."

करता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, "नाही दादा. ते मी करणार नाही. असं करू नये."

मी वाट बघत होतो. तो चिडेल, हसेल, आवाज चढवेल, काहीतरी करेल. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं घाबरत आलो ती आता होणार होती. दादानं मान हलवली. "बरं," म्हणाला. "तू म्हणतोस तर राहू दे." आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

इतकंच होतं ते.

सुलभा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, मला माहीत नाही. माझं 'नाही' तिनं ऐकलं होतं आणि त्याचं 'बरं'ही ऐकलं होतं. साखरपुड्याच्या दिवशीच्या त्या एका वाक्याला किती थोडं लागलं असतं ते तिला माझ्याइतकंच कळलं. तिनं पुढे येऊन कप माझ्या हाताशी ठेवला. "चहा घ्या," म्हणाली. मागचं मी तेव्हाही काही बोललो नाही. तिच्यासमोर बसून सगळा चहा प्यायलो आणि घरी आलो.